लिनक्स संगणक व स्मार्टफोन यांची यूएसबी जोडणी

लिनक्स ही परिचालन प्रणाली वापरणाऱ्या संगणकाला स्मार्टफोन यूएसबी केबलने जोडून छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे इ. स्वरूपांच्या माहितीची देवाणघेवाण करण्याची व्यवस्था. ही जोडणी अयशस्वी झाली, तर उपयोगकर्त्याला बहुधा एकच लक्षण दिसते : संगणकाच्या पडद्यावर फोन दिसत नाही. या एका लक्षणामागे मात्र परस्परांहून अगदी भिन्न अशी कारणे असतात. केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या तारा नसणे, फोनने संमती न देणे, संगणकावर योग्य आज्ञावली नसणे किंवा असलेल्या दोन आज्ञावलींनी एकाच वेळी फोनवर हक्क सांगणे, यांपैकी काहीही घडले तरी बाह्य परिणाम तोच असतो. जोडणी म्हणजे अनेक कड्यांची साखळी असून ती कोणत्या कडीपाशी तुटली हे ठरविल्याशिवाय केलेले उपाय वाया जातात; काही वेळा ते घातकही ठरतात. कित्येक कुटुंबांच्या छायाचित्रांची एकमेव प्रत फोनमध्येच असते. अशा वेळी संगणकाशी संपर्क होत नाही म्हणून फोन कारखान्यातून आला त्या मूळ अवस्थेत नेण्याचा उपाय (फॅक्टरी रिसेट) योजल्यास जे वाचवावयाचे तेच पुसले जाते.

यूएसबी व लिनक्स : ‘युनिव्हर्सल सीरियल बस’ या इंग्रजी नावाचे यूएसबी हे संक्षिप्त रूप आहे. कळफलक, माउस, मुद्रक, मोडेम अशा प्रत्येक उपकरणासाठी संगणकाला वेगळी खाच ठेवावी लागे. ती अडचण दूर करण्यासाठी इंटेल कंपनीतील अजय भट्ट व त्यांचे सहकारी यांनी या व्यवस्थेचा पाठपुरावा केला. भट्ट यांचे अभियांत्रिकी शिक्षण वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. इंटेलसह सात कंपन्यांच्या सहकार्याने या मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० मधील २·० या आवृत्तीत तो ४८० मेगाबिट व २००८ मधील ३·० या आवृत्तीत ५ गिगाबिट झाला.

लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) लायनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत लिहावयास घेतला. त्यात यूएसबीची सोय १९९९ पासून होऊ लागली व जानेवारी २००१ मधील २·४ या आवृत्तीत ती चांगली रुळली. यूएसबी ३·० साठी लागणारा ड्रायव्हर सेरा शार्प यांनी लिहिला. तो सप्टेंबर २००९ मधील २·६·३१ या आवृत्तीत समाविष्ट झाला आणि हे मानक स्वीकारणारी लिनक्स ही पहिली परिचालन प्रणाली ठरली. हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, फोन दिसला नाही म्हणजे ‘लिनक्सला यूएसबी नीट येत नाही’ असा जो सर्वसाधारण समज होतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. शिवाय अँड्रॉइड फोनच्या अंतरंगातही लिनक्सचाच कर्नल असतो. म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना एकच कर्नल असून बेबनाव होतो तो त्याच्या वरच्या थरांत.

यूएसबीमध्ये दोन्ही पक्ष समान नसतात. एक यजमान असतो व दुसरा त्याच्या अंकित असतो. यजमानाने विचारल्याशिवाय अंकित उपकरणाने बोलावयाचे नाही, हा या व्यवस्थेचा मूळ नियम आहे. फोन हा स्वतः एक पूर्ण संगणक असला, तरी या जोडणीत तो अंकिताची भूमिका घेतो. २०१४ मध्ये आलेल्या ‘सी’ प्रकारच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या बसणाऱ्या जोडणीत मात्र या भूमिका परस्परांच्या संमतीने ठरतात व बदलूही शकतात. त्यामुळे दोन्ही टोकांना ‘सी’ खाच असलेल्या केबलने फोन व मांडीवरील संगणक जोडले असता क्वचित फोनच यजमान होऊन बसतो किंवा संगणकाला वीज पुरवू लागतो. अनेक अँड्रॉइड फोनांवर यूएसबीचे नियंत्रण ‘या उपकरणाकडे’ की ‘जोडलेल्या उपकरणाकडे’ असा पर्याय दिसतो, तो याचसाठी.

ओळख पटण्याची प्रक्रिया : यूएसबी २·० च्या केबलमध्ये चार तारा असतात. त्यांपैकी दोन विजेच्या (५ व्होल्ट व भूमी) आणि दोन माहितीच्या असतात. माहितीच्या तारांना डी-धन व डी-ऋण म्हणतात. फोन जोडला जाताच तो डी-धन तार १·५ किलोओहम रोधकामधून सु. ३·३ व्होल्ट दाबाकडे खेचतो. तारेवरील दाबाचा हा बदल म्हणजे ‘कोणीतरी आले आहे’ अशी वर्दी होय. यजमान संगणक मग वाहिनी पूर्वस्थितीस आणतो, नवागतास १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो व त्याच्याकडून ठराविक मांडणीत स्वतःविषयीची माहिती मागवितो. या माहितीला वर्णनक म्हणतात. त्यात उत्पादकाचा व उत्पादनाचा असे १६ बिटांचे दोन क्रमांक असतात. ते षोडशमान पद्धतीत लिहिण्याची प्रथा आहे, उदा., गूगलचा उत्पादक क्रमांक १८डी१ व सॅमसंगचा ०४ई८ असा आहे. उपकरण कोणकोणत्या भूमिका बजावू शकते, हेही वर्णनकातच नमूद असते.

एकच फोन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे वर्णनक सादर करतो, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. फोनवर ‘फाइल स्थानांतरण’ हा पर्याय निवडला की, फोन आधीची जोडणी तोडून नव्या भूमिकेत पुन्हा वर्दी देतो. संगणकाच्या दृष्टीने एक उपकरण गेले व दुसरे आले. त्यामुळे पर्याय बदलताच संगणकाने क्षणभर फोन ‘गमावला’ असे दिसले, तर त्यात बिघाड काहीच नसतो.

केबल, खाच व वीज : फोन भारित होत आहे, म्हणजे केबल ठीक आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि या विषयातील सर्वांत जास्त वेळ वाया घालविणारा निष्कर्षही बहुधा हाच. भारणासाठी विजेच्या दोन तारा पुरतात. स्वस्त चार्जर, दिवे किंवा श्रवणयंत्रे यांच्याबरोबर येणाऱ्या काही केबलांत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून त्या इतर केबलांसारख्याच दिसतात. अशा केबलने जोडलेला फोन भारित होत राहतो, पण संगणकाला त्याची वर्दी कधीच मिळत नाही. भिंतीवरील चार्जरमध्ये डी-धन व डी-ऋण या तारा एकमेकींस जोडलेल्या असतात व त्यावरून फोन हे स्थान संगणक नसून चार्जर आहे असे ओळखतो. केबलमधील माहितीच्या तारा तुटल्या किंवा अर्धवट जुळल्या, तर ही ओळख चुकते व फाइलींविषयीची सूचना फोनच्या पडद्यावर येतच नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या फोनबरोबर माहितीसाठी यशस्वीपणे वापरलेली केबल लावून पाहणे, ही पहिली कसोटी मानली पाहिजे.

खिशात राहणाऱ्या फोनच्या खाचेत कापसाचे तंतू व धूळ दाबून बसतात. ‘सी’ प्रकारच्या खाचेतील २४ संपर्क अतिशय लहान असल्याने जोडणी अर्ध्या मिलिमीटरने वर राहिली तरी वीज जाते आणि माहिती जात नाही, असे घडू शकते. फोन बंद करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बारीक काडीने हा मळ हलकेच काढता येतो. धातूची टाचणी वापरू नये. कोकणासारख्या दमट किनारी भागात संपर्कांवर गंज धरण्याचीही शक्यता असते. अनेक फोन खाचेत ओल आढळल्यास तसा इशारा देऊन जोडणी रोखतात. अशा वेळी घाई न करता खाच वाळू देणे, हाच उपाय.

वर्दी मिळाली, पण संभाषण मध्येच तुटले, तर कर्नल त्याची नोंद करतो व त्याबरोबर एक ऋण क्रमांक देतो. हे क्रमांक गूढ वाटले, तरी बोलके असतात. ऋण ७१ म्हणजे नियमबाह्य किंवा विकृत संकेत आले, ऋण ११० म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, ऋण ३२ म्हणजे उपकरणाने ती मागणी नाकारली. वर्णनक वाचतानाच ऋण ७१ किंवा ऋण ११० पुन:पुन्हा येत असेल, तर आज्ञावलींत काही शोधण्यापूर्वी केबल, खाच, मध्ये लावलेला हब व पोर्ट यांकडे पहावे. संगणकाच्या पुढील बाजूचे पोर्ट पेटीच्या आतून लांब तारेने मुख्य मंडलाला जोडलेले असतात. मागील पोर्टावर तोच फोन विनातक्रार चालतो, असा अनुभव वारंवार येतो. उच्च वेगाच्या यूएसबी २·० केबलची लांबी सामान्यतः ५ मीटरपेक्षा जास्त असू नये. यूएसबी २·० पोर्टाकडून उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह मिळण्याची हमी असते. बॅटरी (विद्युत् घटमाला) पूर्ण उतरलेला फोन, स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर इतर उपकरणांसह लावल्यास हा प्रवाह अपुरा पडतो व फोन सतत जोडला-तुटला जातो.

फोनची संमती : तारा व संकेत निर्दोष असूनही फोन आपली माहिती उघड करीत नाही, याचे कारण पुष्कळदा फोनचे हेतुपुरस्सर मौन हे असते. प्रारंभीच्या अँड्रॉइड आवृत्त्यांत केबल लावताच फाइली खुल्या होत. ऑगस्ट २०११ मध्ये लास व्हेगस येथील डेफकॉन परिषदेत सार्वजनिक भारण-स्थानकाच्या मिषाने फोनमधील माहिती कशी चोरता येते, याचे प्रात्यक्षिक मांडण्यात आले. या प्रकारास पुढे ‘ज्यूस जॅकिंग’ हे नाव रूढ झाले. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकींविषयी काढलेल्या पुस्तिकेतही याविषयी सावधगिरीची सूचना आहे. अँड्रॉइडच्या ६·० या आवृत्तीपासून (२०१५) केबल लावल्यावर ‘केवळ भारण’ हीच स्थिती गृहीत धरण्यात आली. फाइली हव्या असतील, तर पडद्याचे कुलूप उघडून वरून ओढावयाच्या सूचनापट्टीतील यूएसबीविषयीच्या ओळीवर बोट ठेवून ‘फाइल स्थानांतरण’ (काही फोनांवर ‘एमटीपी’) निवडावे लागते. फोन कुलूपबंद असेल, तर संगणकावर फोनचे नाव दिसते पण आतील कप्पा रिकामा दिसतो. माहिती नाहीशी झाली असे वाटून घाबरण्याचे कारण नसते. कुलूप उघडून संगणकावरील दृश्य ताजे केले की कप्पा भरलेला दिसतो. दरवेळी हीच निवड करावी लागणे त्रासदायक वाटल्यास विकसकांसाठीच्या पर्यायांत कायमची निवड करता येते. तथापि वर दिलेले कारण पाहता तो त्रास सोसणेच श्रेयस्कर.

ॲपलच्या आयफोनची रीत निराळी आहे. २०१३ मधील आयओएस ७ पासून तो प्रत्येक नव्या संगणकावर विश्वास ठेवावा काय, असे विचारतो. आणि २०१८ मधील ११·४·१ या आवृत्तीपासून, कुलूप लागून एक तास उलटलेला फोन केबलवरून माहितीची जोडणी स्वीकारण्यापूर्वी कुलूप उघडण्याची अट घालतो. लिनक्सवर त्याच्याशी संभाषण ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ या मुक्त आज्ञावली-संग्रहाद्वारे व ‘यूएसबीमक्सडी’ या पार्श्वभूमीत चालणाऱ्या आज्ञावलीद्वारे होते. फोनवरील प्रणाली नवी व संगणकावरील संग्रह जुना अशी स्थिती असल्यास विश्वासाचा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो व जोडणी पुरी होत नाही.

एमटीपी : या विषयाचे मर्म ‘मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल’ किंवा एमटीपी या नियमावलीत आहे. जुने फोन व स्मृतिकांड्या (पेन ड्राइव्ह) संगणकाला साध्या तबकडीप्रमाणे दिसत असत. त्या पद्धतीत संगणक स्मृतीचे एकेक खण क्रमांकाने वाचतो व लिहितो. फायलींची व्यवस्था कशी आहे, हे संगणकच ठरवितो. अशा व्यवस्थेला एकाच वेळी दोन धनी चालत नाहीत. फोन व संगणक दोघेही त्याच खणांत लिहू लागले, तर फाइलींची अनुक्रमणिका उद्‌ध्वस्त होते. म्हणून जोडणी असेपर्यंत फोनला आपल्या कार्डावरील हक्क सोडावा लागे. त्या अवधीत कार्डावरची गाणी, छायाचित्रे व कार्डावर ठेवलेल्या आज्ञावली फोनला उपलब्ध नसत. शिवाय या पद्धतीसाठी संगणकाला समजेल अशा मांडणीचा वेगळा भाग राखून ठेवावा लागे. त्यामुळे फोनची अंतर्गत स्मृती दोन बंद कप्प्यांत विभागली जाई.

एमटीपीमध्ये स्मृतीचा धनी फोनच राहतो. संगणक खण मागत नाही, तर ‘अमुक क्रमांकाची वस्तू द्या’, ‘ही वस्तू ठेवून घ्या’ अशी विनंती करतो. ग्रंथालयाची उपमा येथे चपखल बसते. पूर्वी वाचक कपाटात शिरून पुस्तके हलवीत असे; आता तो खिडकीपाशी उभा राहून चिठ्ठी देतो व पुस्तक ग्रंथपाल आणून देतो. ही नियमावली मूळ अंकीय कॅमेऱ्यांसाठीच्या पीटीपी या नियमावलीचा विस्तार करून मायक्रोसॉफ्टने तयार केली व २००८ मध्ये यूएसबी मानके ठरविणाऱ्या मंडळाने ती उपकरणांचा एक अधिकृत वर्ग म्हणून स्वीकारली. अँड्रॉइडने २०११ मधील ३·० या आवृत्तीपासून तिचा अवलंब केला.

खिडकीच्या या व्यवस्थेचे तोटेही खिडकीचेच आहेत. एका वेळी एकच विनंती पुरी होते. ती संपेपर्यंत दुसरी थांबते. हजारो छायाचित्रे असलेला कप्पा उघडला, तर पुष्कळ आज्ञावली प्रत्येक वस्तूची माहिती स्वतंत्रपणे मागवितात व त्यात काही मिनिटे जातात. जोडणी गोठली असे समजून याच क्षणी केबल उपसली जाते. वस्तुतः तेथे थोडा धीर धरणे पुरेसे असते. शिवाय फाइल जागच्या जागी उघडून तिचा मधलाच भाग बदलण्याची सोय मूळ नियमावलीत नव्हती. अँड्रॉइडने तिची भर घातली असली, तरी सर्व आज्ञावली ती वापरीत नाहीत. म्हणून फोनवरील फाइल तेथेच उघडून संपादित करू नये. आधी संगणकावर प्रत घ्यावी, हे उत्तम. फोनमध्ये नुकतीच ठेवलेली फाइल संगणकाला दिसत नसल्यास फोनची वस्तूंची यादी अद्ययावत झालेली नसण्याचा संभव असतो. फोन एकदा बंद करून चालू केल्यास यादी नव्याने तयार होते.

लिनक्समधील टप्पे : कर्नलने वर्णनक वाचल्यावर ‘युडेव्ह’ ही व्यवस्था पुढील सूत्रे हाती घेते. आलेले उपकरण कोणते व ते कोणी हाताळावे, हे तिच्या नियमांच्या फाइलींत लिहिलेले असते. संगणकासमोर प्रत्यक्ष बसून प्रवेश केलेल्या उपयोगकर्त्याला फोन हाताळण्याचा अधिकार ती देते. दुसऱ्या यंत्रावरून दूरस्थ प्रवेश केलेल्याला तो आपोआप मिळत नाही. एखादी आज्ञा मूळ प्रशासकाच्या (रूट) अधिकाराने चालते व साध्या उपयोगकर्त्याला नाकारली जाते, तर दोष अधिकारांचा आहे व युडेव्हचे नियम तपासले पाहिजेत, असे निश्चित समजावे. नियम बदलल्यावर ते पुन्हा वाचावयास लावून केबलही काढून लावावी लागते. रोजच प्रशासकाच्या अधिकाराने काम करणे हा उपाय नव्हे, कारण त्या मार्गाने उतरविलेल्या फाइलींची मालकी प्रशासकाकडे जाते व पुढे त्या हलविताना नवी अडचण उभी राहते.

एमटीपीचे प्रत्यक्ष संभाषण ‘लिबएमटीपी’ हा आज्ञावली-संग्रह करतो. फाइल-व्यवस्थापकाच्या खिडकीत फोन दिसावा यासाठी ग्नोम व तत्सम पर्यावरणांत ‘जीव्हीएफएस’ आणि केडीई पर्यावरणात ‘केआयओ’ ही व्यवस्था मध्यस्थी करते. आटोपशीर मांडणीच्या लिनक्स वितरणांत हा मध्यस्थ मुळात बसविलेलाच नसतो. कर्नलला फोन दिसतो, अधिकारही असतात, पण फाइल-व्यवस्थापकात काहीच उमटत नाही, अशी स्थिती असेल तर हे कारण प्रथम तपासावे. डेबियन व उबुंटू यांत ‘जीव्हीएफएस-बॅकएंड्‌स’, तर फेडोरा व आर्च यांत ‘जीव्हीएफएस-एमटीपी’ या नावाचा संच बसवावा लागतो. पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिला डेबियनचे उपाय लागू पडतात. लिबएमटीपीच्या यादीत नसलेला नवा फोन जोडल्यास ‘अज्ञात उपकरण’ असा इशारा येतो; तो बहुधा निरुपद्रवी असतो व जोडणी त्यानंतरही होते.

खिडकी एकच असल्यामुळे तिच्यापाशी दोघांची झोंबाझोंबी होऊ शकते. फाइल-व्यवस्थापकाने फोन आधीच ताब्यात घेतला असताना आज्ञारेषेवरून दुसरी एमटीपी आज्ञावली चालविली किंवा छायाचित्रे गोळा करणारी आज्ञावली मध्ये आली, तर ‘उपकरण गुंतलेले आहे’ अशा अर्थाचा संदेश मिळतो. पहिल्या आज्ञावलीतून फोन रीतसर मुक्त केला (‘अनमाउंट’) की दुसरीस वाट मिळते. संगणकात चालणाऱ्या आभासी यंत्राकडे फोन सुपूर्द केला असेल, तेव्हाही मूळ लिनक्सला तो दिसत नाही.

आणखी तीन कारणे विरळ असली, तरी सापडण्यास कठीण असतात. प्रणालीचे अद्ययावतीकरण करून यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर काही वितरणांत चालू कर्नलचे विभाग (मोड्यूल) तबकडीवरून काढले जातात; फोनद्वारे आंतरजाल घेण्यासाठी किंवा कार्ड वाचण्यासाठी लागणारा विभाग मग भारित होत नाही. यंत्र पुन्हा सुरू करणे एवढाच यावर उपाय आहे. मांडीवरील संगणकावर वीज वाचविणाऱ्या आज्ञावली निष्क्रिय यूएसबी उपकरणांना झोपवितात व फोन काही वेळाने गळून पडतो. ‘टीएलपी’ या आज्ञावलीत फोन वगळण्याचा पर्याय यासाठीच ठेवला आहे. कचेऱ्यांतील यंत्रांवर ‘यूएसबीगार्ड’ ही आज्ञावली अनोळखी उपकरणे रोखून धरते; तेथे अडथळा हा दोष नसून धोरण असते व परवानगी प्रशासकाकडूनच मिळवावी लागते.

निदान : निदानासाठी दोन आज्ञा पुरतात. त्या लहान रोमन अक्षरांत सलग टंकलिखित करावयाच्या असतात. येथे अक्षरोच्चाराने दिल्या आहेत. पहिली ‘डी-एम-ई-एस-जी’ ही कर्नलची रोजनिशी दाखविते. काही वितरणांत तिला प्रशासकाचा अधिकार लागतो. दुसरी ‘एल-एस-यू-एस-बी’ ही त्या क्षणी वाहिनीवर असलेल्या उपकरणांची यादी देते. केबल काढून पहिल्या आज्ञेतील शेवटची ओळ लक्षात ठेवावी, केबल लावावी व आज्ञा पुन्हा द्यावी. एकही नवी ओळ आली नाही, तर वर्दीच पोहोचलेली नाही. केबल, खाच व पोर्ट यांपलीकडे पाहू नये. नव्या ओळींत वर सांगितलेले ऋण क्रमांक असतील, तर वर्दी पोहोचली पण संभाषण बिघडले. नवे उपकरण, त्याचा क्रमांक व उत्पादकाचे नाव स्वच्छ उमटले, तर साखळीचा खालचा अर्धा भाग शाबूत आहे व केबल बदलण्यात अर्थ नाही. मग फोनचा पडदा उघडून पर्याय निवडावा व यादीतील उत्पादन क्रमांक बदलतो का ते पहावे. तो बदलला, तर फोनने संमती दिली. राहिलेला शोध युडेव्ह, लिबएमटीपी व मध्यस्थ आज्ञावली यांत घ्यावयाचा. ‘एमटीपी-डिटेक्ट’ या आज्ञेला फोनचे वर्णन मिळाले व फाइल-व्यवस्थापकाला मात्र फोन दिसत नाही, असे असल्यास दोष मध्यस्थाचा.

एमटीपीने दगा दिला, तरी इतर वाटा असतात. फोनवर पीटीपी निवडल्यास निदान छायाचित्रे उतरविता येतात. ‘अँड्रॉइड डीबग ब्रिज’ (एडीबी) या विकसकांच्या साधनाने मोठे कप्पे एमटीपीपेक्षा अधिक खात्रीने उतरतात. त्यासाठी फोनच्या माहितीपत्रकातील ‘बिल्ड क्रमांक’ या ओळीवर सात वेळा बोट टेकून विकसक-पर्याय उघडावे लागतात, यूएसबी डीबगिंग चालू करावे लागते आणि संगणकाच्या सांकेतिक किल्लीला फोनच्या पडद्यावर मान्यता द्यावी लागते. ही मान्यतेची अट २०१३ मधील ४·२·२ या आवृत्तीपासून आहे. काम झाल्यावर ही सोय बंद करावी.

हलविण्यापेक्षा (कट) प्रत घेणे नेहमीच सुरक्षित असते. हलविताना जोडणी तुटली, तर काही फाइली दोन्हीकडे अपुऱ्या राहण्याचा धोका असतो. प्रती उतरल्यावर त्यांची संख्या व आकार ताडून, काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहूनच मूळ फाइली पुसाव्यात.

पडदा फुटलेला फोन : जोडणीचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा होतो, तो फोन पडून पडदा निकामी झाल्यावर. संमती पडद्यावरच द्यावयाची असल्याने वरील बहुतेक मार्ग येथे अडतात. २०१६ मधील अँड्रॉइड ७·० पासून फाइली एकेक करून सांकेतिक रूपात साठविण्याची सोय आली व २०१९ मधील १० या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या फोनांना सांकेतिक साठवण बंधनकारक झाली. फोन पुन्हा सुरू झाल्यानंतर एकदाही कुलूप उघडले गेले नसेल, तर उपयोगकर्त्याच्या फाइली कोणत्याही केबलने वाचता येत नाहीत. म्हणून पडदा फुटलेला फोन चालू असेल, तर तो बंद होऊ देऊ नये. त्याची बॅटरी भरलेली ठेवावी. दृश्य शाबूत असून केवळ स्पर्श जाणवत नसेल, तर यजमानाची भूमिका फोनलाच देऊन योग्य जोडाने त्याला साधा यूएसबी माउस लावता येतो व त्याच्या बाणाने कुलूप उघडता येते. दृश्यच गेले असेल, तर काही महागड्या फोनांच्या ‘सी’ खाचेतून चित्र बाहेरच्या पडद्यावर नेता येते. एका हबवर पडदा, माउस व कळफलक जोडून असा फोन चालविता येतो. ही सोय नसलेल्या फोनचा पडदा दुरुस्तिकाराकडून तात्पुरता बदलून घेणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो. छायाचित्रे वेगळ्या मायक्रो-एसडी कार्डावर असतील, तर ते काढून कार्डवाचकात घालावे. लिनक्सला ते साध्या तबकडीप्रमाणे दिसते. मात्र कार्ड फोनच्या अंतर्गत स्मृतीचा भाग म्हणून जोडून घेतलेले असेल (ही सोय अँड्रॉइड ६·० पासून आहे), तर त्यावरील मजकूर त्या फोनाच्याच किल्लीने सांकेतिक केलेला असतो व दुसऱ्या यंत्राला तो वाचता येत नाही.